तासाभरात येईल

कचेरीत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे मिरची, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. घरात कुणी पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेलं तरी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. फक्त रिसीव्हर कानाला लागला की हीच बाई लोण्यासारखी मऊ व्हायची. वीज कंपनीच्या तक्रार-खोलीतली नोकरीच तशी. लोकांनी शिव्या द्यायच्या आणि आपण ‘आपली अडचण समजली’ म्हणायचं, पगार त्याचाच. दिवसभर गिळलेला राग ती संध्याकाळी घरी नेऊन ओतायची, आणि तो झेलायला सासरे तयार असायचे.

सासरे एकेकाळचे नावाजलेले शिंपी. आता फुप्फुसं थकली होती. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं आणि नाकात त्याची नळी, पण जिभेला काहीही झालेलं नव्हतं. सून तणतणत आली की म्हणायचे, “आली. आज कुणाचा राग आणलायस पिशवीतून? काढ बाहेर, शिळा होईल.” ती आणखी चिडायची आणि चिडता चिडता हसायची. स्वतःचे वडील तिला नीट आठवत नव्हते. बाबा म्हटलं की हेच डोळ्यांपुढे यायचे.

तक्रार-खोलीची एक जुनी रीत होती. लाइट का गेली हे माहीत नसेल, तर पक्षी सांगायचा. तारेवर पक्षी बसला, फ्यूज उडाला, झालं. पक्ष्यावर कोण रागावणार? आणि लाइट कधी येईल हे माहीत नसेल, तर ‘तासाभरात’ सांगायचं. दोन तास म्हटलं की माणूस ओरडतो, एक तास म्हटलं की थांबतो. पुन्हा फोन केलाच, तर तो दुसरी बाई उचलते आणि तिचा तास नव्यानं सुरू होतो. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे हे जाणून होते आणि कुणालाच त्यात खोटं वाटत नव्हतं. तिलाही नाही. सवय झाली की खोट्याची चव लागत नाही.

त्या दिवशी सकाळी, लोक अर्धी दाढी करून आरशापुढे उभे असताना, लाइट गेली. गल्लीची नाही, पेठेची नाही. या शहराची, शेजारच्या शहराची, नकाशावर बोट ठेवावं तिथली. दुकानांची शटरं अर्ध्यावर अडकली, चौकातले सिग्नल मेले, आणि थोड्याच वेळात मोबाइलही मुके झाले. तक्रार-खोली मात्र लखलखत होती, कारण कंपनीच्या कचेरीला कंपनीचा जनरेटर. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे भर अंधारात यांचा एकट्यांचा दिवा.

जुने तारेचे फोन तेवढे चालू होते, ते सगळे एकदम वाजायला लागले. प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार. एकाला खात्री होती, शत्रूनं बटण दाबलं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, सूर्यावर वादळ झालंय, पेपरात वाचलं होतं. एका बाईंच्या मते नव्या मॉलनं सगळी वीज ओढून घेतली. एकानं तर घाबरत विचारलं, “मी मोटार आणि इस्त्री एकदम लावली, त्यानं तर नाही ना झालं?” अख्ख्या दिवसात दोष स्वतःकडे घेणारा तेवढा एकच माणूस तिला भेटला.

ती उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली. “कारण काय सांगायचं?”

“नेहमीचंच,” साहेब म्हणाले.

“पक्षी? एवढा मुलूख बंद पाडायला केवढा पक्षी लागेल, साहेब?”

“मग तांत्रिक बिघाड म्हणा. आणि तासाभरात येईल म्हणा.”

“वरून कळलंय तसं?”

“वरून काहीच कळलेलं नाही. वरच्यांचे फोनच लागत नाहीत.”

“मग हा तास कुठून आला?”

“ताई, लोक घाबरतील. तुम्ही फोन उचला.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण सवय रागापेक्षा चिवट असते. ती जागेवर गेली आणि फोन उचलू लागली. आपली अडचण समजली, काम चालू आहे, तासाभरात येईल. आपली अडचण समजली. मध्येच घरी फोन लावावा म्हणून हात उचलायची, पण रिसीव्हर खाली ठेवला की तो वाजायचाच. बाबांच्या मशीनला बॅटरी होती, ती दुपारपर्यंत पुरली असती. नवरा घरी होता. लाइट लांबली तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे तिनं त्याला शंभरदा बजावलं होतं. एव्हाना नेलंही असेल, असं म्हणून ती पुढचा फोन उचलायची.

दुपारी एका फोनवर ओळखीचा आवाज आला.

“अगं, मी बोलतोय. बाबांचं मशीन शिट्टी मारायला लागलंय. बॅटरी संपत आली.”

“तुम्ही अजून घरीच?”

“तूच म्हणालीस ना, तासाभरात येईल.”

“मी? कधी?”

“सकाळी. मी विचारलं, लाइट कधी येणार? तू म्हणालीस, आपली अडचण समजली, काम चालू आहे, तासाभरात येईल. मला वाटलं, साहेब शेजारी उभे असतील म्हणून अशी परक्यासारखी बोलतेयस. पण तू तिथली माणूस, तुला खरं माहीत असणारच. शेजारचे गाडी काढत होते, मीच त्यांना नको म्हटलं. उगाच बाबांना कशाला हलवायचं?”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला आठवेना. इतकी वर्षं संसार केला त्या माणसाचा आवाज तिनं ओळखला नव्हता, आणि इतरांसाठी ठेवलेलं वाक्य त्याच्याही पदरात टाकलं होतं. मग राग आला, आणि आज पहिल्यांदा तो फोन कानाला असताना आला.

“गाडी आहे अजून? मग आत्ता उचला त्यांना. कपडे बदलू नका, चपला शोधू नका. लाइट येणारच नाही असं धरून चाला. मला काही माहीत नाही. इथे कुणालाच काही माहीत नाही.”

खोलीतल्या बाकीच्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. तिनं रिसीव्हर आपटला. तो लगेच वाजला. तिनं उचलला आणि तेच पुन्हा म्हणाली: का गेली माहीत नाही, कधी येईल माहीत नाही, घरात कुणी मशीनवर असेल तर आत्ताच्या आत्ता हलवा. पलीकडचा माणूस थँक्यू म्हणायलाही थांबला नाही.

साहेब धावत आले. “हे काय चालवलंय? गोंधळ उडेल बाहेर.”

“उडू दे. घाबरलेला माणूस निदान हातपाय हलवतो. आपण त्यांना खाटेशी बांधून ठेवलंय सकाळपासून.”

“मला हे वर कळवावं लागेल.”

“कळवा ना. वरचे फोन लागतायत का बघा.”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. हा एक वाजतोय, एवढा उचलते आणि उठते.” ती उठली मात्र नाही. एक झाला की दुसरा वाजत होता. शेजारच्या टेबलावरची बाईही आपल्या फोनवर हळूच म्हणाली, “खरं सांगू का, आम्हालाही माहीत नाही.” साहेब केबिनमध्ये जाऊन दार लावून बसले. लोकांच्या वतीनं घाबरण्याचं काम त्यांनी एकट्यानं पुढे चालू ठेवलं.

उन्हं कलता कलता नवऱ्याचा फोन आला. दवाखान्याच्या फोनपुढे मोठी रांग होती म्हणून उशीर झाला. “पोचलो. ओठ निळे पडले होते, पण आता नळी लावलीय, बरे आहेत. म्हणतायत, सुनेला सांग, मी अजून आहे, तिनं एवढ्यात खूश व्हायचं काम नाही.”

तिला हसू आलं आणि रडूही. पदरानं तोंड पुसून तिनं पुढचा फोन घेतला आणि त्याच भरात बोलत सुटली. लाइट कधी येईल माहीत नाही, घरात कुणी आजारी असेल तर—

“आता घाई नाही हो,” पलीकडची बाई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “सकाळी तुमच्याकडून तासाभराचं सांगितलं, म्हणून आम्ही आईला घरीच ठेवलं. मशीन होतं ना तिला. आता माणसं येतील, विचारतील, दवाखान्यात का नेलं नाही. मी त्यांना काय सांगू?”

सकाळी हा फोन तिनंच उचलला होता की शेजारच्या बाईनं, हे कळायला काही मार्ग नव्हता. ‘आपली अडचण समजली’ हे शब्द जिभेवर आले होते. ते तिनं दातांखाली दाबून धरले.

“त्यांना सांगा, तक्रार-खोलीतली बाई खोटं बोलली.”

त्या बाईंनी विचारलं, “नाव काय तिचं?”

फोनवर नाव सांगायला कंपनीची बंदी होती. तिनं आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि त्या बाईंना नीट लिहून घेता यावं म्हणून सावकाश पुन्हा एकदा सांगितलं.