हात फिरवलेला चेहरा

पेंटरने आयुष्यात कधी ब्रश धरला नव्हता. त्याचं सगळं काम कॉम्प्युटरवर, तरी गावभर त्याचं नाव पेंटरच. चौकाचौकांत बॅनरवर जी तोंडं टांगलेली दिसत, ती बहुतेक त्याच्याच हातची. निवडणुकीतला उमेदवार, नाटकातली नटी, सत्काराचे म्हातारे, शोकसभेतला गेलेला माणूस, सगळे त्याच्या दुकानातून तरुण होऊन बाहेर पडत. एका पुढाऱ्याची गालावरची चामखीळ त्याने अशी गायब केली, की लोक समोरासमोर त्याला ओळखेनात. हे सांगताना पेंटर पोट धरून हसायचा.

मूळ फोटो मात्र तो ठेवत नसे. गिऱ्हाइकांचीच तशी ताकीद असायची, खरं थोबाड उद्या कुणाच्या हाती लागायला नको. हात फिरवून झाला की जुन्यावरच नवा साठवायचा. ही सवय इतकी अंगवळणी पडली, की घरचे फोटोही त्याने तसेच केले. बायकोला फोटोचं वावडं होतं. तिचा एक डोळा बारीक, हसली की मिटायचाच. तिला बरं वाटावं म्हणून तो दर फोटोत डोळे सारखे करून द्यायचा. ती बघायची आणि कामाला लागायची.

ती गेली. शोकसभेचा बॅनर त्यानेच केला, नेहमीसारखाच. सभेच्या आदल्या दिवशी परगावाहून आलेली लेक सभागृहाच्या दारात बॅनरसमोर थबकली.

"बाबा, ही आई नाहीये," ती म्हणाली. "मला तिचा खरा फोटो द्या. एकच द्या."

त्याने घर, दुकान, सगळं पालथं घातलं. लेकीच्या फोनमधले होते तेही त्यानेच पाठवलेले. लग्नातले कागदी फोटोसुद्धा त्याने हौसेने नवे करून आल्बममध्ये लावले होते, जुने फेकून. शेवटी म्हणाला, मीच करतो पुन्हा, होता तसा. लेक खुर्ची ओढून शेजारी बसली. त्याने डोळा बारीक केला, पापणी खाली ओढली. पडद्यावरची बाई डोळा मारतेय असं दिसायला लागलं.

"असा नव्हता हो."

"मग कसा होता?"

तिला सांगता येईना. ती नुसती रडत राहिली.

बॅनर होता तोच राहिला. सभेनंतर शेजारी पेंटरचा हात दाबून म्हणाला, "वहिनी अगदी हुबेहूब आल्यात." पेंटरने मान हलवली. डोळे मिटले तरी आता त्याला तीच दिसत होती, बॅनरवरची.