आठवत नाही, पण येतं

लालबागेत भाड्याच्या घरात राहायला आल्यापासून विमलताई रोज सकाळी नवऱ्याला विचारायच्या, "हे कोणाचं घर हो? आपण इथं कधी आलो?"

गिरधरराव सांगायचे. चहा होईपर्यंत त्या विसरून जायच्या. मेंदूज्वरातून त्या वाचल्या, पण तेव्हापासून नवं काही मनात टिकेना. लग्न, शनवारा मोहल्ल्यातलं जुनं बिऱ्हाड, लेक पल्लवीचं लहानपण, सगळं लख्ख आठवे. कालचं मात्र कोरं.

गिरधरराव कापडाच्या दुकानात कामाला होते. रजा संपत आली, तशी काळजी वाढली. मागचं दार जरा उचलून कडी दाबल्याशिवाय उघडत नसे. घरात एकटी असताना काही झालं तर ही बाहेर कशी पडणार? म्हणून ते रोज तिचा हात धरून दार उघडायला लावत आणि मग विचारत, "आता सांग, कसं उघडायचं?"

"मले काय माहीत? मी कधी हात लावला या दाराले?"

एकदा ते चिडून ओरडले. विमलताई रडल्या, आणि थोड्या वेळानं रडल्याचंही विसरल्या. ते विसरले नाहीत.

इंदूरहून पल्लवी आली होती. तेव्हा एका सकाळी दूध उतू जाऊन शेगडी विझली. घरभर गॅसचा वास. पल्लवीनं बटण बंद केलं आणि मागच्या दाराकडे धावली.

"मम्मी, ये खुल नहीं रहा!"

"सरक." विमलताईंनी दार उचललं, कडी दाबली. वारा आत आला.

"तुला कुणी शिकवलं?" पल्लवीनं विचारलं.

"त्यात शिकवायचं काय? मी तर आजच पाहते हे दार."

गिरधरराव आंघोळीहून ओल्या अंगानंच बाहेर येऊन बघत राहिले.

हे ऐकून डॉक्टर म्हणाले, "तोंडानं सांगता येते ती आठवण वेगळी, आणि करून करून अंगात मुरते ती वेगळी. यांची पहिली गेली, दुसरी शाबूत आहे. विचारू नका. करवून घ्या."

"म्हणजे माझं रोजचं शिकवणं वाया नाही गेलं?"

"अजिबात नाही."

गिरधररावांनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं. शेगडी, नळ, मोबाइल, सगळं नुसतं तिच्याकडून करवून घेत गेले. शेजारच्या लीलाबाई अधूनमधून डोकावायला कबूल झाल्या.

दुकानात परतल्यावर पहिल्याच दुपारी त्यांचा फोन वाजला.

"अहो, हा फोन मी कसा लावला कोण जाणे," विमलताई म्हणाल्या. "जेवले का तुम्ही?"

"जेवतो आता," ते हसत म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला.