आवाज स्थिर

घरी इंटरनेट यायच्या आधीची गोष्ट. माझ्या कानात सतत शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, सवय करून घ्या. ती कशी करायची हे शिकवणारा ऑनलाइन कोर्स मी नाशिकरोडच्या सायबर कॅफेत करत होतो. पंखा, रेडिओ बंद करून दहा मिनिटं शांत बसायचा धडा मात्र मी महिनाभर भीतीने टाळला होता.

शेजारच्या कॉम्प्युटरवर एक गृहस्थ तोच कोर्स करायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनपाशी नोकरी झालेली, त्यामुळे बोलणं ओरडून. टाइप एका बोटाने, आणि मधूनच कॉम्प्युटरला हात लावून तापलाय का बघायचे. आवाज आला की मनात काय येतं, ते रोज लिहायचं होतं. मी 'बहिरा होणार, मग वेडा होणार' असं पानभर लिहायचो. त्यांच्या पडद्यावर डोकावलो तर, 'दहा वाजता, आवाज स्थिर. अकरा वाजता, आवाज स्थिर.'

"काका, विचार लिहायचेत, रीडिंग नाही," मी शहाणपणा केला.

"अहो साहेब, मशीनचा आवाज चालू असला की ऑपरेटर निवांत डबा खातो. बंद पडला की पळतो. तुम्ही चालू मशीनला घाबरून पळताय!"

अख्ख्या कॅफेने माझ्याकडे पाहिलं.

त्या दुपारी घरी मी पंखा, रेडिओ बंद करून खोलीचं दार लावून बसलो. शिट्टी होतीच. स्थिर. बायकोने दार बडवलं तेव्हा पाऊण तास झाला होता.

"अहो, कानातली शिट्टी निदान तुम्हालाच ऐकू येते. हे घोरणं खालच्या मजल्यापर्यंत जातंय!"