बिनआवाजाची मशीन

"बेटे के लिए चाहिए, आंटीजी? गेमिंग वाला?"

मला मुलगा नाही. लग्नच नाही, तर मुलगा कुठला. पण इंदूरच्या रीगल चौराह्याजवळच्या कॉम्प्युटर मार्केटात पांढऱ्या केसांची बाई एकटी जिना चढून येते आणि मदरबोर्डची चौकशी करते, म्हणजे तिच्यामागे एखादा मुलगा असलाच पाहिजे, असं तिथं सगळ्यांनी धरलेलं असतं. पहिल्या दुकानात मी "नहीं" म्हटलं. दुसऱ्यात "मेरे लिए" म्हटलं, तर दुकानदार हसला. तिसऱ्या दुकानात मी सरळ "हां, बेटे के लिए" म्हणून टाकलं आणि त्या नसलेल्या मुलाच्या कृपेने मला बसायला स्टूल मिळालं, चहा मिळाला आणि बरीच कामाची माहितीही मिळाली.

माझं काम ऐकण्याचं आहे. कॉलेजातल्या लोकांनी खेड्यापाड्यांत जाऊन घेतलेल्या मुलाखती, कुठल्या कुठल्या संस्थांच्या बैठका, असली रेकॉर्डिंग मला ईमेलवर येतात आणि मी ती ऐकून टाइप करून देते. मराठी, हिंदी, आणि जन्म इंदूरचा म्हणून माळवीही. सिमरोलकडच्या एखाद्या बाईने म्हशीच्या आजारपणाबद्दल अर्धा तास सांगितलेलं असतं, ते मी शब्दन् शब्द उतरवते. दिवसभर माणसं माझ्या कानात बोलत असतात आणि त्यातलं एकही माझ्याशी बोलत नसतं. सवय होते म्हणतात. मला वीस वर्षांत झालेली नाही.

घरात मी आणि बाबा. बड़ा गणपतीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत, मागे स्वयंपाकघर. बाबा शहाऐंशी वर्षांचे. मिल चालू होती तोवर ते तिथं फिटर होते. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. आता उजेड आणि सावली यापलीकडे काही दिसत नाही. कान मात्र शाबूत. लूमच्या खडखडाटात उमर काढलेल्या माणसाचे कान शाबूत कसे राहिले, हे डॉक्टरलाही कळलं नाही.

माझा जुना कॉम्प्युटर एका ऑफिसने काढून टाकलेला होता. भलंमोठं धूड, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टेबलाखाली ठेवलेलं. चालू केला की त्याचा पंखा जो घरघर सुरू करायचा तो बंद करेपर्यंत. त्या घरघरीत रेकॉर्डिंगमधलं बोलणं ऐकू यावं म्हणून मी दोन्ही कानांवर मोठे हेडफोन चढवून बसायची. मग मला जगातलं काहीही ऐकू येत नसे.

मार्चमधल्या एका दुपारी पाणी प्यायला म्हणून हेडफोन काढले, तर न्हाणीघरात काहीतरी सरकल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर बाबा ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेले. घसरले होते. हाड मोडलं नव्हतं, नशीब. मी विचारलं, "हाक का नाही मारली?"

"मारली," ते म्हणाले. "मग म्हटलं, तू कामात असशील."

किती हाका मारल्या, किती वेळ बसले होते, हे त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. मी चिडले. त्यांच्यावरच चिडले, कारण स्वतःवर चिडायला हिंमत लागते. त्या रात्री ठरवलं की अशी मशीन घ्यायची जी चालू असताना मला बाबांची हाक ऐकू येईल. आणि ती बाबांच्या खोलीच्या दाराला लागून असलेल्या अरुंद टेबलावर मावली पाहिजे, म्हणजे मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसेन. एवढं साधं मागणं. पण तयार मशीन अशी मिळेना. एक लहान असेल तर किर्र करायची, दुसरी गप्प असेल तर कपाटाएवढी. मग ठरवलं, एकेक भाग निवडून आपणच जोडायची.

महिनाभर मी दुसरं काही वाचलं नाही. कोणता प्रोसेसर कमी तापतो, फिरणारी हार्ड डिस्क का टाळायची, वीज पुरवणारा एसएमपीएस आत ठेवला तर त्याचाही पंखा आला, म्हणून लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर बरा. इंटरनेटवर अशा मशीन जोडणाऱ्यांचा एक अड्डा आहे, तिथं मी प्रश्न विचारायची. सगळी पोरं मला "ब्रो" म्हणायची. मीही कधी दुरुस्त केलं नाही. एकाने माझी भागांची यादी बघून लिहिलं, "सॉलिड चॉइस, ब्रो." ते मी तीनदा वाचलं. कित्येक दिवसांत मला कोणी कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं, आणि त्या एका ओळीवर माझा पुढचा आठवडा निघाला. सांगायला लाज वाटते, पण निघाला.

टेबलावर किती जागा आहे ते बघायला मी मिठाईचा एक किलोचा रिकामा खोका तिथं ठेवून पाहिला. बरोबर बसला. मग तोच खोका पिशवीत घालून मार्केटात नेला आणि त्या तिसऱ्या दुकानाच्या काउंटरवर ठेवला.

"इतना बड़ा चाहिए. इससे एक उंगल ज्यादा नहीं. और एकदम शांत."

दुकानदार माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, चांगला माणूस होता. त्याने खोका उघडून आत काही आहे का ते आधी पाहिलं. मग म्हणाला, "आंटीजी, शांत तो आदमी होता है. मशीन तो चलती रहे तो अच्छा."

इथल्या हिंदीत माणूस 'शांत झाला' म्हणजे गेला. मला हसू आलं. त्याने एक मशीन चालू करून दाखवली, "सुनो, आ रही है आवाज?" रस्त्यावर सवाऱ्या नेणाऱ्या मॅजिक गाड्यांचे हॉर्न, शेजारच्या दुकानात ड्रिल, डोक्यावर पंखा. यात तोफ उडाली तरी ऐकू आली नसती. मी म्हटलं, "भैयाजी, आपका पंखा बंद करो, शटर आधा गिराओ, फिर सुनाओ." त्याने खरंच केलं. आम्ही दोघं अर्ध्या अंधारात एका डब्याला कान लावून उभे राहिलो. बारीक शिट्टीसारखा आवाज होता.

"है," मी म्हटलं.

"है तो सही," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याने मला पटवण्याचा प्रयत्न सोडला. जे मागितलं ते दिल्लीहून मागवून दिलं. एकच गोष्ट त्याने बजावली, "बिना पंखे का ले जा रहे हो, मई में मत रोना." इंदूरचा मे त्यालाही माहीत आणि मलाही. म्हणून मी सगळ्यात कमी वीज खाणारा प्रोसेसर घेतला आणि त्याच्यावर बसवायला पंख्याऐवजी नुसत्या पात्यांचा, ॲल्युमिनियमचा मोठा ठोकळा. उष्णता त्या पात्यांतून आपली आपण निघून जाते.

जोडणी जेवणाच्या टेबलावर केली. बाबा शेजारी बसले, पंजा पसरून. त्यांच्या तळहातावर मी स्क्रू ठेवत होते. मोठे, लहान, मधले. ते अंगठ्याने चाचपून वेगळे करायचे आणि मी म्हणेन तो पुढे करायचे. एकही चुकला नाही. चुकले मी. सगळं बसलं आणि वरचं झाकण काही लागेना. मी कॅबिनेटची खोली टेपने मोजली होती, ठोकळ्याची उंचीही मोजली होती. पण मदरबोर्ड तळावर थेट बसत नाही, त्याच्याखाली लहान लहान खुंट्या असतात, हे हिशेबात धरलंच नव्हतं. बाबांनी झाकणावर हात फिरवला, मग आत.

"पाया धरला नाहीस तू."

"नाही धरला."

"आमच्याकडे अशाला शिफ्टभर उभं करून ठेवत," ते म्हणाले, आणि फार दिवसांनी हसले. ठोकळा बदलून बुटका आणायला आणखी आठवडा गेला. तो आठवडा मला आवडला. बाबा रोज विचारायचे, आला का तुझा बुटका? आमच्यात बोलायला काहीतरी होतं.

शेवटी झाकण लागलं. मी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली.

"कर की चालू," बाबा म्हणाले.

"चालू आहे, बाबा. आवाजच नाही तिला."

"अच्छा," ते म्हणाले आणि मान हलवली. मला वाटलं, खूश झाले.

नवीन मशीन बाबांच्या दाराला लागून ठेवली, भिंतीच्या बाजूला. की-बोर्डही मऊ घेतला. आता एका कानात एक बारीक इअरफोन पुरत होता आणि दुसरा कान बाबांना मोकळा. दुपारी जेवण झालं की ते आडवे व्हायचे आणि मी एक ते चार काम करायची. पहिल्या आठ दिवसांत मला काय काय ऐकू आलं! त्यांच्या पलंगाची पट्टी कुरकुरते. कूस बदलताना ते "हं" म्हणतात, कुणाला तरी होकार दिल्यासारखं. पेला खाली ठेवण्याआधी बोटांनी स्टुलाची कड शोधतात, तो नखांचा आवाज. मी इतकी खूश होते की विचारू नका. वाटायचं, आता एक हाक मारू देत, दुसरी मारावी लागणार नाही. पण त्यांनी हाक मारलीच नाही. आठ दिवसांत एकदाही नाही. मी म्हटलं, गरज पडली नसेल, चांगलंच आहे.

नवव्या दिवशी अडीचच्या सुमाराला ते उठले. पट्टी कुरकुरली, चपला सापडल्या. भिंत धरत दारापर्यंत आले. मी त्यांच्या इतकी जवळ होते की हात लांब केला असता तर सदरा धरता आला असता. पण आपण होऊन धरलेलं त्यांना चालत नाही, म्हणून मी गप्प बसले. ते चौकटीला हात लावून थांबले. मान बाहेरच्या दाराकडे वळवली आणि मोठ्याने म्हणाले,

"कोई है?"

हिंदीत. आमच्या घरात मराठी कशीबशी उरली आहे, निम्मे शब्द हिंदीच असतात, पण बाबा माझ्याशी आयुष्यात हिंदी बोललेले नाहीत. हिंदी दूधवाल्याशी, डॉक्टरशी, खालच्या मजल्यावरच्यांशी. घरात आपलं कोणीच नाही, जिन्यात एखादा परका असेल तर असेल, असं समजून मारलेली ती हाक होती.

"मी आहे, बाबा."

ते दचकले. "तू? केव्हा आलीस?"

"मी गेलेच नव्हते कुठे. काम करून राहिले."

"मशीन तर बंद आहे."

"चालू आहे. सांगितलं होतं नं, आवाज नाही तिला."

"मला वाटलं, आवाज नाही म्हणजे कमी असेल. बिलकुल आवाज नाही अशी मशीन असते का कुठे?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "काल पण इथंच होतीस?"

"हो."

"परवा?"

"रोज, बाबा. याच खुर्चीत."

त्यांनी चाचपडत मागे जाऊन पलंग शोधला आणि बसले. मी जाऊन शेजारी बसले. जुन्या मशीनची ती घरघर चालू असायची तोवर त्यांना कळायचं, मी घरात आहे. न्हाणीघरात पडले तेव्हाही त्यांना ती ऐकू येत होती. हे मला तेव्हा, तिथं बसल्यावर समजलं.

"हाक तरी मारायची," मी म्हटलं.

"तू नव्हतीस नं. कोणाला मारू? एकदा पाणी सांडलं होतं. वाळलं मग आपलं आपण."

"आठ दिवस एकटे बसून राहिलात आणि मला विचारलं पण नाही?"

"विचारणार होतो. पण मग म्हटलं, नको." ते किंचित हसले. "म्हटलं, पोरगी जेवण झालं की निघते, दार पण हळू लावते माझी झोप मोडू नये म्हणून. म्हणजे जायला कुठेतरी मिळालं हिला. कोणी मैत्रीण असेल, कोणी असेल. विचारलं तर तू जाणं बंद करशील. आपण पडून राहायचं झालं, तीन-चार घंटे तर जातात. मी खूश होतो गं."

"म्हणजे तू कुठेच जात नव्हतीस," ते म्हणाले.

"नाही."

त्यांचा चेहरा उतरला. आठ दुपारी त्यांनी माझ्यासाठी एक घर, एक माणूस, गप्पा मारायची एक जागा मनात धरून ठेवली होती, आणि मी एका शब्दात ती काढून घेतली. ते एकटे पडून होते याचं वाईट वाटलंच. पण मला रडू आलं ते त्यांच्या त्या हिरमुसल्या चेहऱ्याने. हो, जात होते, आत्ताच आले, एवढं म्हटलं असतं तर माझं काय बिघडलं असतं?