खुशाल तुडवायचं गवत

एल्वा मावशीला किळस यायला फारसं काही लागत नाही. दुधाचा चहा दिसला की शी. पाकिटातला बटाट्याचा लगदा दिसला की शी. आणि अॅलिस स्प्रिंग्जच्या आमच्या रस्त्याकडेला माजलेलं बफेल गवत दिसलं, की शी म्हणायच्या आधी ती थुंकते. कुणीतरी गुरांसाठी बाहेरून आणलेलं हे गवत. त्यानं आमच्या रानकंदाचे वेल गिळले.

रानकंद हा मावशीच्या घराण्याचा पूर्वज, म्हणजे तिचे वडीलच. त्यांच्याकडून तो तिला आला, त्यांना त्यांच्या वडिलांकडून. कॅनव्हासवर त्याच्या मुळ्या आणि जमिनीच्या भेगा काढायचा हक्क तिचा. ती नीट काढते की नाही, हे बघायचं काम माझं, कारण मी तिच्या बहिणीची मुलगी. आम्हा इथल्या मूळ लोकांत ही राखण अशीच, आईच्या बाजूनं येते. तीस वर्षं मी शेजारी बसून म्हणते, "मावशी, इथे मुळी वळते गं." आणि ती म्हणते, "तुझ्या नाकासारखी?"

गेल्या महिन्यात आम्ही चित्रं काढतो त्या शेडमध्ये डेक्लन नावाचा हॉटेलवाला आला. मावशीनं रंगवलेला रानकंद त्याला भलताच आवडला. हवा होता लॉबीतल्या गालिच्यासाठी, तोही करड्या रंगात.

"गालिचा? म्हणजे पायाखाली?" मावशीनं विचारलं.

"हो ना! रोज शेकडो माणसं चालतील त्यावरून!"

मावशीनं त्याच्या बुटांकडे असं पाहिलं, की बिचाऱ्यानं एक पाय उचलून बुटाचा तळ तपासला.

"माझ्या बापावरून बॅगा खरडत नेणार मेले! शी! बोल की गं राखणदारीण, तोंडात काय सरड्याची शेपटी आहे?"

मी सरळ नाही म्हटलं. डेक्लनचा चेहरा इतका उतरला की मावशीलाच राहवेना.

"थांब रे. दुसरं देते. ते खुशाल तुडवा."

आणि नाक मुरडत तिनं बफेल गवत रंगवायला घेतलं. करडंच. तीन दिवस पात्यागणिक एक शी. त्या गवताला ना बाप, ना भाचरं. कुणाला विचारायला नको. तरी मी उठू लागले की मनगट धरून खाली बसवायची.

"मावशी, याची राखण माझ्याकडे नाही. चुकलं तर काय बिघडतं?"

"गप बस, पोरी. चुकून हात जरा सवयीनं वळला ना, तर हे मेलं गवतही आपल्यातलंच वाटेल."