मागच्या पायाची नाल

श्रावणातल्या एका सोमवारी, सकाळच्या हजेरीच्या वेळी, शाहूवाडीकडचा एक शेतकरी आपल्या विशीतल्या मुलाला घेऊन कोल्हापूरच्या आमच्या ठाण्यात आला. मुलगा चार महिन्यांपूर्वी संस्थानच्या घोडदळाच्या एका रिसाल्यात भरती झाला होता आणि तीन दिवसांपूर्वी पागेतून पळाला होता. पेन्शनीत इतकी वर्षे गेली, तरी पायरीवर उभे असलेले ते दोघे मला अजून दिसतात. तेव्हा मी फौजदार होतो.

"सायब, पोरगं पळून आलंय, ते मी लपवत न्हाई," बाप म्हणाला. "पर आदी ह्याची पाठ बगा."

उजव्या खांद्याच्या पात्याखाली अर्धगोल जखम होती. कडेला खिळ्यांच्या डोक्यांचे चार ठिपके उमटले होते. दोन पंच बोलावून मी पंचनामा केला आणि जखमेची आकृती कागदावर उतरवून घेतली. मुलाला विचारले तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, "घोड्यानं लाथ मारली."

मुलगा ठाण्यात आहे असे मी रिसाल्याला कळवले, तेव्हा दुपारी त्यांचे पत्र आले. त्यातही तेच होते: खरारा करताना घोड्याची लाथ बसली, पाठीवर नालेची खूण आहे, जवान उपचार न घेता पळाला, दोन दिवसांत ताब्यात द्यावा. ताब्यात दिला की तो पुन्हा आपल्या तुकडीच्या दफेदाराच्या हाताखाली जाणार होता. बापाला ते ठाऊक होते.

"चौकशी करा, पर त्येंची त्येंनीच नगं," तो म्हणाला. "घोड्यानं मारलं असतं तर ह्यो घोड्याला भ्याला असता. ह्यो तर माणसाला भितोय."

मी ते बापाचे बोलणे म्हणून सोडून दिले. जखम आणि पत्र जुळत होते. पण संध्याकाळच्या सुमारास तो मुलगा अंगणात बांधलेल्या ठाण्याच्या घोडीजवळ गेला, तिच्या मागे उभा राहून तिच्या शेपटीतली कुसळे काढू लागला. तेवढ्यात हवालदार त्याला भाकरी द्यायला मागून आला, तर मुलाने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

दुसऱ्या दिवशी नालबंद आमच्या घोडीचे काम करायला आला. शहरातला जुना मुसलमान कारागीर. त्या पागेचे कामही त्याच्याकडेच होते. मी पंचनाम्यातली आकृती त्याच्यापुढे धरली.

"चाचा, ही लाथ किती जोराची असेल?"

त्याने हातातली कानस खाली ठेवली. "कुठलं घोडं?"

"रिसाल्याच्या पागेतलं."

"मग ही लाथ न्हवं. तिथं मागच्या पायांस्नी नाल ठोकतच न्हाईत. घोडी दाटीनं बांधत्यात. एकमेकांस्नी लाथा घालून जायबंदी करतील की! निस्ती पुढच्या पायांस्नी."

"नक्की?"

"फौजदारसाब, नाला मी ठोकतो का तुमी? पर माझं नाव लिवू नगा. माझं पोट त्या पागंवर हाय."

त्याचे नाव मी कुठेही लिहिले नाही. चौकशीच्या वेळी रिसाल्याबाहेरचा एक अधिकारी हजर असावा, हे बापाचे मागणे मी वरिष्ठांना लेखी कळवले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी उत्तर आले: तुम्ही स्वतः पागेत जाऊन दफेदाराचा जबाब त्याच्या वरिष्ठाच्या, म्हणजे रिसालदाराच्या, समक्ष घ्यावा.

दफेदार दांडगा, बोलायला मोकळा होता. खोटे बोलणारे बहुतेक लोक न विचारलेला तपशील देतात. त्यानेही घोडा कोणता, वेळ कोणती, मुलगा कुठे उभा होता, सगळे सांगितले.

"लाथ कोणत्या पायाची?" मी विचारले.

"मागच्या उजव्या. पुढच्या पायानं लाथ मारत्यात व्हय, फौजदारसाहेब? घोडं पाळलंय का न्हाई कधी?"

आजूबाजूचे जवान हसले. मी ते वाक्य लिहून घेतले, त्याला वाचून दाखवले आणि खाली त्याची सही घेतली. मग तो घोडा मैदानात आणायला सांगितला. मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकराने, मागचा उजवा पाय उचलला. खूर कोरा होता. मागचा डावाही कोरा. बरोबर नेलेल्या पंचांनी रांगेतले बाकीचे घोडे पाहिले. एकाही मागच्या पायाला नाल नव्हती. हे खूर दफेदाराच्या नजरेखालून रोज जात होते.

रिसालदाराने वाकून स्वतः तो खूर पाहिला. मग त्याने दफेदाराची खोली उघडायला लावली. खुंटीला चामड्याचा एक पट्टा होता आणि त्याच्या टोकाला तारेने आवळलेली जुनी नाल. आकृतीतले चार ठिपके तिच्यावरच्या खिळ्यांशी जुळले.

हे कळल्यावर मुलाने जबाब बदलला. हुकूम नीट ऐकू आला नाही म्हणून दफेदाराने मारले, आणि घोड्याने लाथ मारली असे सांग म्हणून बजावले, असे त्याने सांगितले. त्याच पट्ट्याचा मार आणखी दोन जवानांनी खाल्ला होता. त्यांची नावेही त्याने दिली.

दफेदाराला नोकरीतून कमी केले. मुलाच्या नावापुढचा 'फरारी' हा शेरा काढून त्याला रीतसर सुटका मिळाली. बाप त्याला बैलगाडीतून गावी घेऊन गेला. उरलेल्या दोन जवानांना झालेल्या मारहाणीची चौकशी रिसाल्याने स्वतःकडे घेतली. तिचा निकाल ठाण्याला कळवावा म्हणून मी तीन स्मरणपत्रे पाठवली.

मी पेन्शनीत निघालो तेव्हा चार्ज देताना मुद्देमालाची यादी वाचली गेली. पट्टा आणि नाल यादीत होती. निकालाचा रकाना कोरा होता.