टॅपरूमची हवालदारीण

आमच्या टॅपरूममध्ये बाई आली की स्वयंपाकघर सांभाळणारी मावशी तिला आधी बसवायची, आणि पुरुष आला की त्याला आधी न्याहाळायची. नजर त्याच्या डोळ्यांवरून चालण्यावर, चालण्यावरून हातांवर. मग एकच प्रश्न, "पोटात काय हाय?" कुणी "काही नाही" म्हणालं की पहिला ग्लास पुढे सरकायच्या आत त्याच्यासमोर तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील यायचे. मुंबईहून रो-रो बोटीने आलेल्या कुणीतरी तिचं नाव 'हवालदारीण' ठेवलं. तिला ते फार आवडलं. "पगार मातुर आचारनीचा देते ही," असं माझ्याकडे बोट दाखवून ती सगळ्यांना सांगायची.

आमची ओळख मात्र भांडणातून झाली. पुण्यात बिअर बनवायला शिकून मी गावी परतले होते. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वडिलांची जागा होती. तिथे बिअर बनवायची आणि तिथेच नळातून ताजी ग्लासात द्यायची, असं टॅपरूम मनात होतं. परवान्याच्या आधी विषय ग्रामसभेत आला, आणि सगळ्यांत आधी उभी राहिली ती ही. बारीक अंगाची, बंगल्याबंगल्यांतून मासळी विकणारी कोळीण.

"माझा नवरा दारूनं गेला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू शिकलेली बाय. तुना दुसरा धंदा नाय गावला?"

मी बिअर आणि दारू यांतला फरक समजावून सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो पन बीरपासूनच लागला."

पुढे परवाना मिळाला, टॅपरूम सुरू झालं, पण गावातलं कुणी तिकडे फिरकलं नाही. शनिवार-रविवारी बंगलेवाले यायचे, मोठ्यानं बोलायचे, निघून जायचे. सोबत आलेल्या बायका अर्धा ग्लास संपायच्या आत घड्याळ बघू लागायच्या. एरवी मी आणि रिकामी बाकं.

अशाच एका मंगळवारी दुपारी मावशी मासळीची पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून आत आली. "बघाला आलेय," म्हणाली, "काय करून ठेवलंस ते." मी तिला बसायला सांगितलं. माझी उंच स्टुलं मला फार देखणी वाटायची. ती एकावर कशीबशी बसली, पाय लोंबकळत राहिले. "हा बसाला हाय का चढाला?" मग तिनं फळ्यावरची इंग्रजी नावं बघितली, बाथरूम कुठे ते विचारलं. मी मागच्या बाजूला बोट दाखवलं. ती स्वतः जाऊन आली. "तिकडं तर पुरुष बिड्या फुकत उभं राहतील. त्यांच्यामधून बाईनं जायाचं? म्हंजे ती पानी पन पिनार नाय तुझ्याकडं."

बायका इथे टिकत का नाहीत याचा मी वर्षभर विचार करत होते, ते कोडं तिनं बसल्या बसल्या सोडवलं होतं. मी तिथल्या तिथे विचारलं, "मावशी, माझं स्वयंपाकघर सांभाळशील?" ती पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. मला वाटलं, माझा प्रश्न तिला टोचला असणार. आठवडा उलटल्यावर ती परत आली, ती अटी घेऊनच. मासळी ती आणेल, मसाला तिच्या घरचा. जो पीत नाही त्यालाही इथे बसता आलं पाहिजे. आणि ती 'पुरे' म्हणाली की त्या माणसाला पुढचा ग्लास मिळणार नाही, मग तो कुणी का असेना.

"गावात बोलतील तुला," मी म्हटलं.

"घरात पित होता तवा मना 'पुरे' म्हनता आला नाय," ती म्हणाली. "म्हटला तर मार खाल्ला. हितं म्हनेन."

मग आमचं टॅपरूम हळूहळू बदललं. स्टुलं गेली, टेकायला पाठ असलेली बुटकी बाकं आली. बाथरूमला आतल्या बाजूनं दार काढलं, वाटेवर दिवा लागला. फळ्यावर प्रत्येक बिअरच्या नावाखाली मराठीत लिहिलं जाऊ लागलं : कडू, थोडी कडू, आंबट, जड. "नाव वाचता आला नाय की मानूस लाजतो, आन् लाजला की दुसऱ्याचा बघून मागतो," ती म्हणायची. न पिणाऱ्यांना मी कोकमाचं सरबत छोट्या पेल्यात द्यायचे. तिनं पेला उचलून बाजूला ठेवला. "सगल्यांना सारखाच ग्लास दे. न पिनारा काय बालवाडीतला हाय?" त्यानंतर गाडी चालवणारे, उपास असणारे, नुसतेच सोबत आलेले, सगळे तसाच उंच ग्लास घेऊन बसू लागले, आणि कोण काय पितंय ते विचारायचं कुणाला कारण उरलं नाही.

तिनं स्वतः मात्र थेंबभरही कधी चाखली नाही. नवी बिअर तयार झाली की मी हट्टानं म्हणायचे, "निदान वास तरी घे." ती मान फिरवायची. एकदा म्हणाली, "वास चांगला का वाईट, ते मना कलत नाय, बाय. वास आला की तोच दारात उभा राहतो." त्यानंतर मी आग्रह सोडला.

मग मी श्रीवर्धनकडचं कोकम घालून एक आंबट बिअर बनवली. त्यासाठी फळ मावशीनंच निवडून दिलं होतं, म्हणून ती टाकीपाशी रेंगाळत होती. मी ग्लास भरला. ती आपणहून पुढे झाली, वाकली, डोळे मिटले.

"ह्याच्यात तो नाय," ती म्हणाली, आणि पदरानं नाक पुसून बोंबील साफ करायला गेली.

ही बिअर पहिल्यांदा नळाला लावली त्या रविवारी गर्दी उसळली होती. गावातलीही चार माणसं पहिल्यांदाच आली होती, म्हणून मी खुशीत होते. तेवढ्यात मावशीचा दीर आला. नवऱ्याचा धाकटा भाऊ. होडीवर जायचा, आणि भावाच्याच वाटेनं चालला होता. दुसरीकडे कुठेतरी पिऊन आला होता. मावशीनं दारातच ओळखलं.

"तुना मिलनार नाय. बस, जेव."

"भावाला घरात सुखानं पिऊ दिली नायस," तो ओरडला, "आन् हितं लोकांना पाजतेस?"

तिनं भात आणि कालवण त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ताट उलथून टाकलं. एका बंगलेवाल्यानं मोबाईल वर धरला होता. मावशी आधी त्याच्याकडे वळली. "तो माझा दीर हाय. ठेव तो खाली." त्यानं मुकाट्यानं खाली ठेवला. मग तिनं दिराच्या दंडाला धरलं आणि कमरेला फडकं तसंच खोचलेलं असताना, भर गर्दीत स्वयंपाक टाकून, त्याला चालवत घरी घेऊन गेली.

आता ती परत यायची नाही, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी घेऊन ती नेहमीच्या वेळेला हजर. "काल ताटं किती फुटली?" एवढंच विचारलं. पुढे तो दीरही यायला लागला. शुद्धीत असला तर कोपऱ्यात बसून जेवायचा, कोकमाचं सरबत प्यायचा. शुद्धीत नसला तर तीच त्याला वाटेतून परत फिरवायची. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. पण माणसाला परत पाठवायचं तर जेवू घालून पाठवायचं, यात ती कधी चुकली नाही.

पावसाळा सरता सरता त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. अलिबागच्या डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं. बायको कधीच माहेरी गेलेली. मावशी माझ्याकडे आली आणि तिनं कमरेचं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. "त्याच्याकडं बघाला कोन नाय."

मला राग आला. तिच्यावर की त्याच्यावर, कळेना. "ज्यानं सगळ्यांसमोर तुझा अपमान केला, त्याच्यासाठी हे सोडतेस?"

ती बाकावर बसली. "नवऱ्याला मी शेवटपावतर जेवाला घातला," ती म्हणाली, "पन रागानं घातला. ताट आपटून. तो गेला तवा मना वाईटसुद्धा वाटला नाय, आन् त्याचाच मना लय वाईट वाटतो. ह्याला तरी नीट घालते."

तिच्या जागी आता गावातल्याच दोघी जणी आहेत. एक भाकऱ्या करते, दुसरी दाराकडे लक्ष ठेवते. तरी सणाची गर्दी तोंडावर आली तेव्हा मला धीर धरवेना. 'महिनाभर तरी ये' असं तिला सांगायचं ठरवून मी कोळीवाड्यात गेले. दीर ओसरीवर उन्हात बसला होता, ओळखू येऊ नये इतका वाळलेला. मावशी त्याच्यासमोर उकिडवी बसून पेजेत भात कुस्करत होती. मला बघून तिनं नुसतं बसायची खूण केली. त्यानं वाटी रिकामी केली, थोडा थांबला, आणि वाटी पुन्हा पुढे धरली.

मावशीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "आज पयल्यांदा परत मागितला त्यानं," ती हळूच म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता.

ती पेज आणायला आत गेली. तो संपवेपर्यंत मी बसून राहिले, मग चपला घातल्या. ज्यासाठी आले होते, तो विषय मी काढलाच नाही.